गांगुर्डे काकांचं बाजरीचं पोतं

गांगुर्डे काकांच्या ओट्यावर खुर्ची नाही. एक लाकडी स्टूल आहे आणि त्यावर अर्धं भरलेलं, तोंड सुतळीनं शिवलेलं बाजरीचं पोतं. आलेल्या माणसाला काका म्हणतात, "बसा." माणूस बसतो. बूड टेकून जरा श्वास सोडतो न सोडतो तोच काका म्हणतात, "उठा!" माणूस दचकून उठतो. मग काका कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात, पोत्यात पडलेल्या खड्ड्यावर वाकतात, त्यात बराच वेळ दोन बोटं फिरवतात. पाहुणा उभाच. शेवटी तळहातानं तो खड्डा सपाट करून ते निकाल देतात.

"डावीकडं भार टाकता. पाकीट मागच्या खिशात ठेवता ना? काढा ते."

हा निकाल लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यालाही मिळतो आणि विजेचं मीटर वाचायला आलेल्यालाही. आमच्या शेजारच्या पगारे भाऊंना त्यांनी असंच सांगितलं होतं, "कमरेचा फोटो काढून घ्या." भाऊ चिडले, चहा न घेता निघून आले आणि महिन्याभरात कमरेला पट्टा बांधून पुन्हा पोत्यावर बसायला गेले. तेव्हापासून कॉलनीत दोन तट पडलेत. अर्धे लोक डॉक्टरांच्या आधी काकांकडे जातात. उरलेले अर्धे त्यांच्या ओट्यावर पायच ठेवत नाहीत, रस्त्यावरूनच "जय भीम काका" म्हणून सटकतात.

काका ओझरच्या विमानांच्या कारखान्यात एकतीस वर्षं होते. दुसरा कुणी असता तर "मी विमानं बनवायचो" असं सांगून मोकळा झाला असता. काका सांगतात, "मी सीटा शिवल्या." वैमानिकाच्या बुडाखालची गादी, पाठीमागची गादी, एवढंच त्यांचं खातं. पण त्या खात्यानं त्यांना एक प्रश्न दिला आणि तो ते साऱ्या जगाला विचारत असतात: "विमानाला असं चालतं का?" विहारात सतरंजी तिरकी पडली, विमानाला असं चालतं का? शर्टाचं बटण लोंबतंय, विमानाला असं चालतं का? एका बुद्धपौर्णिमेला खीर पातळ झाली तेव्हाही त्यांनी वाटी तोंडापर्यंत नेऊन खाली ठेवली आणि हेच विचारलं. खिरीचा आणि विमानाचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पुढच्या वर्षी खीर घट्ट झाली एवढं खरं.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मनमाडला दिलेली, जावई रेल्वेत. तेव्हा घरात काका, पायाचं जुनं शिलाई मशीन आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या सीटा. निवृत्तीनंतर ते जुन्या मोटारसायकलींच्या सीटा करून देतात. फक्त जुन्या. नवी गाडी घेऊन कुणी आला तर "अजून माणसाळली नाय ती, दहा वर्षांनी आणा" म्हणून परत पाठवतात. कारच्या सीटांना हात लावत नाहीत. "कारमधी माणूस बसत नाय, सांडतो." एकदा एक तरुण वाघाच्या पट्ट्यांचं रेक्झिन घेऊन आला होता. काकांनी त्याला पोत्यावर बसवलं, उठवलं, खड्डा बघितला आणि म्हणाले, "खड्डा तर सशाचा हे." तो बिचारा साधं काळं रेक्झिन लावून गेला.

अशा माणसापासून चार हात लांब राहावं असं माझंही मत होतं. पण बाबांच्या मोटारसायकलनं मला त्या ओट्यावर नेलं.

ती मोटारसायकल माझ्याहून वर्षानं मोठी आहे. काळी, गोल दिव्याची, मागच्या चाकाला साडीगार्ड आणि डाव्या बाजूला बायकांना पाय ठेवायला पट्टी. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून ती मी चालवते. मी शाळेत भूगोल शिकवते आणि शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी राहून मुलं माझ्या किका मोजतात. नवव्या-दहाव्या किकेला गाडी धरली की टाळ्या वाजतात. तासाला एवढं लक्ष दिलं असतं तर देशाचा भूगोल सुधारला असता.

माझं ठीक चाललं होतं. अडचण आईची होती. आईला बंद गाडी लागते. एसटीत बसवा, कारमध्ये बसवा, नांदूर नाका यायच्या आत तिला उलटी होणार म्हणजे होणार. तिचं माहेर निफाडचं, आणि चाळीस वर्षं ती माहेरी गेली ती बाबांच्या मागे, एका बाजूला पाय सोडून, तोंडावर वारा घेत. आता मामा ऐंशीचा झाला. त्याचे गुडघे गेले, त्यानं नाशिकला येणं सोडलं. इकडे आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली. मग बहीणभाऊ फोनवर भेटायला लागले. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघं एकाच वेळी ओरडतात आणि दोघं एकाच वेळी "बरं बरं" म्हणून फोन ठेवतात. मामाचा एकच प्रश्न, "कधी येती?" आणि आईचं एकच उत्तर, "येते की."

डॉक्टरांची ना नव्हती. "बसू दे त्यांना, पण सीट चांगली हवी. घसरता कामा नये," असं ते म्हणाले होते. बाबांची सीट मात्र उसवली होती, खचली होती. पावसाचं पाणी पोटात साठवायची आणि बसणाऱ्याला परत करायची. भर वर्गात मी मुलांकडे पाठ करायला घाबरत होते. मग मी शहाणपणा केला. बाजारातून एक चकचकीत तयार सीट आणून बसवली आणि जुनी भंगारवाल्याला देऊन टाकली. गाडी अंगणात स्टँडवर उभी केली, आईला हात धरून बसवलं आणि ती त्या गुळगुळीत उतारावरून सरळ माझ्या अंगावर घसरली.

लागलं नाही. ती रागावलीही नाही. आत गेली, खाटेवर टेकली आणि म्हणाली, "मामाला फोन लाव. म्हणावं, नाही जमायचं आता."

मी फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ काकांच्या ओट्यावर गेले.

"बसा." बसले. "उठा!" उठले. काका खड्ड्यावर वाकले.

"दिवसभर शाळेत उभ्या असता, बाई. अन् घरी आल्यावरबी बसत नाय तुम्ही. नुसत्या टेकता."

हे इतकं खरं होतं की मला त्यांचा रागच आला. मी घाईघाईनं सीटचं सगळं सांगितलं. त्यांनी नव्या सीटकडे बघितलंसुद्धा नाही.

"जुनी कुठंय?"

"भंगारात दिली."

काकांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं माणूस बसलेली सीट? भंगारात? विमानाला..." त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चला."

भंगारवाल्या चाचांच्या आवारात मागच्या बाजूला पंधरा-वीस सीटांचा ढीग होता. काकांनी त्यातली एक ओढली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. उठले. दुसरी ओढली, बसले. उठले. चाचा तराजू सोडून माझ्याजवळ आले.

"मॅडम, काका ठीक हैं ना?"

"सीट शोधताहेत."

"तो बैठ बैठ के कायको ढूंढ रहे?"

खरं म्हणजे बाबांनी स्वतः शिवलेलं हिरवं ठिगळ मला ढिगात लांबूनच दिसलं होतं. पण एवढ्या गंभीरपणे चाललेल्या कामात तोंड घालायचा मला धीर झाला नाही. अकराव्या खेपेला काका त्या सीटवर बसले. पुढे सरकले, मागे सरकले, डोळे मिटले.

"ही तुमच्या बाबांची."

"कशावरून?" मी विचारलं.

"बाकीच्यांचा खड्डा मधी हे. हिचा पार पुढं हे, टाकीपाशी. तुमचे बाबा असंच बसून जायचे इथनं."

आता मागच्या बसणाऱ्याची बैठक हवी, म्हणून आईंना पोत्यावर बसवायला आणा, असा हुकूम झाला. आईनं घरूनच उत्तर पाठवलं, "मी काय दळण आहे का, पोत्यात माप द्यायला?" त्यावर काका स्वतःच आमच्या घरी आले. काखेत बाबांची सीट, खिशात दाभण आणि चामडं कापायची रापी. ओट्यावर मांडी घालून त्यांनी वरचं रेक्झिन उसवलं. आतला काथ्या उघडा पडला. आई दारात उभी होती. आत जायचं नाही आणि बाहेरही यायचं नाही, अशी.

"ताई, तुमचे मालक लय पुढं सरकून बसायचे," काका म्हणाले.

आईला विषय मिळाला. "टाकीवर चढून बसायचे म्हणा! गुडघे हँडलला लागायचे. सांगून सांगून थकले मी. म्हणायचे, मला असंच बरं वाटतं."

"बरं कसं वाटंल? हे बघा, इथं काथ्याचा भुगा झालाय. खालून पत्रा टोचत असंल त्यांना. पुढं सीट निमुळती असती, तिथं हौसेनं कोण बसंल?" त्यांनी सीट फिरवली आणि मागच्या भागावर हात ठेवला. "अन् ही तुमची जागा. दीड माणसाची. एवढी जागा सीटवर मुळात नसती. ती त्यांनी करून दिलेली हे."

आई दारातून बाहेर आली. खुब्याला हात लावून हळूच वाकली आणि तिनं त्या पुढच्या खड्ड्यात बोटं घातली.

"मला वाटायचं, लोक बघतात म्हणून लांब सरकतात," ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हापासून मला असंच वाटायचं."

मग ती चहा ठेवायला आत गेली आणि साखरेचा डबा सापडत नाही म्हणून बराच वेळ आतच राहिली. साखरेचा डबा स्वयंपाकघराच्या फळीवरच होता, मला ओट्यावरून दिसत होता. मला रडू आलं. काका मान खाली घालून काथ्या विंचरत बसले होते. मला रडू द्यायचं त्यांना बरोबर कळत होतं आणि त्यासाठी मी त्यांची जन्मभर आभारी राहीन.

सीट व्हायला अठरा दिवस लागले. रोज शाळेतून येताना मी डोकावायची आणि काका रोज म्हणायचे, "गादीये बाई, भजी नाय." शेवटी झाली. साधी, काळी, कडेला दुहेरी शिलाई. मागच्या भागात डाव्या अंगाला उथळ खोलगट जागा आणि तिच्या कडेला बोटभर उंचवटा, बसणारी घसरू नये म्हणून. पुढचा भाग रुंद. "तुम्ही टाकीवर बसू नका, बाई. दोघींना पुरंल एवढी जागा काढलीये. अन् तळाचा काथ्या जुनाच ठेवलाय. तेवढा चांगला होता."

पण सीट अशी हातात मिळत नाही. कारखान्यात तपासणी झाल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही, त्यामुळे काकांचा नियम असा की आधी त्यांनी स्वतः त्या सीटवर बसून ओझरच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं. याला ते ट्रायल म्हणतात. आणि सीट ज्याची, त्याच्यासारखंच बसायचं. आता ही सीट तर आईची.

रविवारी सकाळी काका गळ्याला मफलर गुंडाळून आमच्या फाटकाशी आले. वय चौऱ्याहत्तर, उंची सहा फुटांच्या आसपास, अंगात फुलपँट. "ताई पिशवी घेऊन बसत असतील ना?" असं विचारून त्यांनी आमची कापडी पिशवी मागून घेतली, वजनाला आपल्याकडची दोन किलो बाजरी तिच्यात ओतली आणि पिशवी मांडीवर धरून एका बाजूला पाय सोडून माझ्या मागे बसले. लांब पाय पट्टीवर मावेनात. एक हात त्यांनी सीटखाली घातला, दुसऱ्यानं मफलर पदरासारखा सावरला. पगारे भाऊ पट्ट्यासकट बाहेर आले. समोरच्या गच्चीवर बायका जमल्या. मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

आणि खिडकीतून हसू ऐकू आलं. आई हसत होती. दीड वर्षात मी तो आवाज ऐकला नव्हता.

"अहो, असं नाही! डावा पाय पट्टीवर घ्या."

काकांनी उजवा घेतला. "असा?"

"डावा हो! आणि हात सीटखाली कशाला? तिच्या खांद्यावर ठेवा."

काकांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. "असा?"

"नाही हो! थांबा, थांबा." आई दारात आली. तिच्या हातात काठी नव्हती. तीन पायऱ्या ती कठडा धरून उतरली. "उतरा बघू तुम्ही खाली. चाळीस वर्षं बसलेय मी, मला विचारा कसं बसतात ते."

काका उतरले. आईनं पिशवी त्यांच्या हातातून घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बसली.

काका गुडघ्यावर बसून बाजूनं बघत होते. "ताई, जरा हलून बघा."

"कशाला हलू? नीट बसलेय ना." मग माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणाली, "बघत काय राहिलीस? मार किक."

"कुठं जायचं?"

"निफाडला."

"आत्ता? घरच्या साडीवर?"

"माहेरी जातेय मी, कचेरीत नाही."

गाडीनं त्या दिवशी दुसऱ्या किकेला धरलं. चांदोरीला थांबून चहा घेतला तेव्हाही आई गाडीवरून उतरली नाही, तशीच बसून कपबशी तोंडाला लावली. निफाडला मामा द्राक्षाच्या मांडवाकडे तोंड करून खाटेवर बसला होता. कमी ऐकू येत असूनही त्यानं आधी मोटारसायकलचा आवाज ओळखला, मग वळून बघितलं. "आली?" "आले की." आई त्याच्या शेजारी खाटेवर टेकली. मग दोघं ओरडले नाहीत. इतक्या जवळ बसल्यावर गरजच नव्हती. पिशवीतली बाजरी बघून मामी म्हणाली, "एवढ्या लांबून दळण कशाला आणलं वन्सं?" आणि संध्याकाळी त्याच बाजरीच्या भाकऱ्या जेवून आम्ही निघालो.

पुढच्या रविवारी मी काकांकडे गेले. "काका, ट्रायल राहिली तुमची."

ते इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते. कुलूप लावलं, किल्ली दोनदा तपासली आणि याही वेळी एका बाजूला पाय सोडूनच बसले. ओझरला कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे त्यांनी मला थांबवलं. खाली उतरले नाहीत. मी वाट बघत राहिले, आता शिलाई बघतील, काहीतरी दाबून बघतील. ते फाटकाकडे बघत होते. आत कुठेतरी इंजिनाची घरघर वाढत गेली आणि मग एक विमान आमच्या डोक्यावरून गेलं. दिसेनासं होईपर्यंत काकांनी मान वर ठेवली.

"एकतीस वर्षं शिवलं बाई," ते म्हणाले. "सीट तयार झाली की पुढच्या खात्यात जायची. तिथून विमानात. माणूस बसायचा अन् वर निघून जायचा. कसा बसला, टोचतंय का, बरं वाटलं का, कायबी कळायचं नाय. माझ्या सीटवर बसलेला माणूस मी कधी बघितलाच नाय." मग म्हणाले, "घरीबी तसंच झालं. बसणारी माणसं उठून गेली. म्हणून त्या पोत्यावर बसवतो कुणालाबी. तेवढंच."

मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्या आईला बसताना बघितलं," काका म्हणाले. "लय झालं. चला."

परतताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आईनं सांगितला होता तसा. त्यांच्या गल्लीत वळलो तर ओट्यावर कुणीतरी दिसलं. गाडी हळू केली. आई होती. मामानं पाठवलेल्या द्राक्षांची टोपली घेऊन ती एकटी, काठी टेकत दोन गल्ल्या चालत आली होती. दाराला कुलूप, ओट्यावर खुर्ची नाही. तेव्हा ती बाजरीच्या पोत्यावर ऐसपैस बसून काकांची वाट बघत होती आणि एकेक घड नीट करून सोबत आणलेल्या ताटलीत ठेवत होती.

मी गाडी बंद केली तरी काका उतरले नाहीत. आईनं आम्हाला बघितलं आणि काठी शोधत उठायला लागली. कॉलनीतल्या सगळ्यांसारखं तिलाही ठाऊक होतं, या पोत्यावर बसलं की लगेच उठावं लागतं.

काका घाईघाईनं म्हणाले, "उठू नका ताई. बसा."